ओट्यावरची सावली : दिग्रसजवळच्या एका घरातल्या दिव्यांची निवड

घर यवतमाळ जिल्ह्यातलं, दिग्रसपासून १६ किलोमीटर आत, गावाच्या शेवटच्या गल्लीत. जुनं कवेलूचं घर उतरवून त्याच जागेवर स्लॅबचं बांधायला घेतलेलं. समोर ओसरी, मग हॉल, दोन खोल्या, सैपाकघर, उजव्या अंगाला मालाची खोली आणि मागे सांदवाडीत न्हाणी-संडास. राहणारी माणसं पाच: आबाजी, आजी, काका, काकू आणि बारावीतली मुलगी. काका-काकूंचा थोरला मुलगा पुण्यात नोकरीला, सणावाराला येणारा, आणि बांधकामाच्या खर्चातला मोठा वाटा त्याचाच.

मी या भागात १९ वर्षं वायरिंगची कामं करतो. मला बोलावणं आलं तेव्हा डिसेंबर लागला होता. स्लॅब पडून महिना झालेला, त्यातले पाइप आणि पंख्याचे बॉक्स पक्के झालेले, भिंतींचं प्लास्टर मात्र बाकी. छतातल्या जागा आता हलणार नव्हत्या, पण भिंतीत हवी तिथे झिरी मारता येत होती. पुढे जे जमलं ते बरंचसं यामुळेच जमलं. प्लास्टर झाल्यावर बोलावलं असतं तर मी फार तर यादीतला माल लावून दिला असता.

यादी मुलानेच मोबाइलवर पाठवली होती. हॉलला पीओपीचं छत, त्यात १२ वॅटचे १२ गोल दिवे आणि कडेने स्ट्रिप. प्रत्येक खोलीत मध्यभागी १५ वॅटचा चौकोनी पॅनेल. सैपाकघरातही तोच, मालाच्या खोलीतही तोच. ओसरीत दोन फॅन्सी दिवे. सगळा उजेड ६५०० केल्विन, म्हणजे दुकानदार ज्याला ‘कूल व्हाइट’ म्हणतात तो निळसर पांढरा; हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. पीओपीसकट अंदाज ३८ हजारांचा. पोराने मनापासून केलेली यादी होती, आईबापाला चांगलं घर द्यायचं होतं त्याला. पण त्या कागदावर प्रत्येक खोलीचं छत होतं आणि त्या खोलीत रात्री कोण कुठे बसून काय करतं, याची एकही ओळ नव्हती.

मी काकांना म्हटलं, माल आणायच्या आधी मला एक संध्याकाळ तुमच्याकडे बसू द्या. बांधकाम चालू असेपर्यंत ते शेजारच्या चुलतभावाच्या जुन्या घरात राहत होते. दुसऱ्या दिवशी साडेसहाला गेलो, साडेनऊपर्यंत बसलो, चहा दोनदा झाला.

ती संध्याकाळ

सात वाजता आबाजी समोरच्या खोलीत खाटेवर आडवे झाले. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. भिंतीवर उघडा बल्ब होता. ते कुशीवर वळून दुपट्ट्याने डोळे झाकून पडले. आजी मागच्या दाराशी जमिनीवर विळी घेऊन वांगी चिरत होती. तिचं ऑपरेशन अजून व्हायचंय. ती एकेक फोड दाराकडे वळवून, बाहेरच्या उरल्यासुरल्या उजेडात बघत होती, कीड आहे का ते. मुलगी चटईवर बसून, डब्यावर वही ठेवून गणितं सोडवत होती. ती डावरी आहे. बल्ब तिच्या डाव्या हाताला, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली नेमकी लिहायच्या जागी. काका ओसरीत हिशोबाची वही घेऊन बसले होते आणि दर दोन मिनिटांनी पानावरची पाखरं झटकत होते.

आणि काकू ओट्यापाशी. बल्ब त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर. मी विचारलं, दिसतं का नीट? त्या म्हणाल्या, “आता इतक्या वर्षाची सवय हाये भाऊ. भाजी लागली का नाई ते मी वासावरूनच समजतो.” मग मी त्यांना जरा बाजूला व्हायला सांगून त्यांच्या जागी उभा राहिलो. माझ्या डोक्याची आणि खांद्यांची सावली सरळ गॅसवरच्या पातेल्यात पडली होती. पातेल्याच्या आत काळोख. हात पुढे केला तर बोटांची सावली सुरीच्या पात्यावर.

मी खिशातला टेप काढून नव्या घरात गेलो आणि मोबाइलच्या टॉर्चने सैपाकघर बघितलं. १० बाय ११ ची खोली, ओटा पूर्वेच्या भिंतीला, पॅनेलचा बॉक्स छताच्या बरोबर मध्ये. ओट्यापाशी उभं राहिलं की तो बॉक्स पाठीमागे येत होता. बल्ब जाऊन पॅनेल येणार होता, ९ वॅटचे १५ होणार होते, घर ३८ हजारांनी उजळणार होतं आणि काकूंच्या पातेल्यातली सावली आहे तिथेच राहणार होती.

ही चूक मी स्वतः कितीतरी घरांत केली आहे. मध्यभागी पॉइंट काढणं सोपं, दिसायला नीट, आणि खोलीला एकच दिवा असेल तर तो मधोमधच हवा असं आपण धरूनच चालतो. पण सैपाकघरातलं प्रत्येक काम भिंतीकडे तोंड करून होतं. तिथे मधला दिवा कायम पाठीवर पडतो.

सैपाकघर

राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या खोल्यांसाठी उजेडाचे आकडे दिलेले आहेत: सैपाकघराला २०० लक्स, अभ्यासाला ३००, जिन्याला १००. लुमेन हे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप, आणि लक्स म्हणजे दर चौरस मीटरला किती लुमेन उजेड पडतो ते. १० बाय ११ ची खोली साधारण १०.२ चौरस मीटर. सबंध खोलीत २०० लक्स हवे असतील तर नुसत्या गुणाकाराने २,०४० लुमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड कामाच्या जागेवर येत नाही. भिंती खातात, धूर-तेलाचा थर खातो. निम्म्याच्या आसपास गृहीत धरला तर ४ हजारांवर लुमेन लागतात. चार फुटी २० वॅटची बॅटन, म्हणजे ट्यूबसारखी एलईडीची पट्टी, साधारण २,००० लुमेन देते, म्हणजे दोन बॅटन आल्या, आणि एवढं करूनही सावली कायम.

म्हणून हिशोब उलटा धरला. खोलीला फिरण्यापुरता उजेड आणि हाताखाली भरपूर. ओट्याच्या वर कडप्प्याची फळी होतीच, डबे ठेवायची. त्या फळीच्या खाली, पुढच्या कडेला, दोन फुटी १० वॅटची बॅटन लावली. पुढे दोन इंच अॅल्युमिनियमची पट्टी, म्हणजे दिवा डोळ्यात जात नाही, फक्त ओटा उजळतो. तशीच दुसरी मोरीवर. गॅसच्या थेट वर मुद्दाम काही लावलं नाही. वाफ आणि आच दोन्ही दिव्याला मारतात, आणि चिरायच्या जागेचा उजेड दीड-दोन फुटांवरच्या गॅसपर्यंत पुरतो. मधला पॅनेल काढून तिथे साधा होल्डर आणि ९ वॅटचा बल्ब. मोबाइलमधलं लक्स मोजायचं अॅप मीटरइतकं खरं नसतं, पण एकाच मोबाइलने दोन जागा मोजल्या तर फरक कळतो. जुन्या घरात पातेल्याशेजारी ३५ आला होता. नव्या ओट्यावर चिरायच्या जागी ४०० च्या वर.

आजी ओट्यापाशी उभी राहत नाही, तिचं काम जमिनीवर. वयाने डोळ्यातलं भिंग पिवळट आणि दाट होत जातं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच उजेड पोहोचतो. म्हणजे जो उजेड नातीला पुरतो त्यात आजी चाचपडते. तिच्यासाठी मागच्या दाराच्या चौकटीला लागून, जमिनीपासून साडेपाच फुटांवर, समोरून थोडा डावीकडून येईल असा ब्रॅकेट घेतला, वर पांढरी टोपी, आत १२ वॅटचा बल्ब. बटण तिच्या हाताला लागेल असं दोन फुटांवर. गवंडी म्हणाला, बटण एवढ्या खाली कोण घेतं? पण आजीला प्रत्येक वेळी उठावं लागलं असतं तर तिने तो दिवा लावलाच नसता, हे ती संध्याकाळ बघितल्यावर मला माहीत होतं.

बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय बघायला मी काकांना शिकवलं. वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याचा तो आकडा, १०० पैकी. ८० च्या खालचा माल सैपाकघरात नकोच. कांदा गुलाबी झाला की तांबूस, तिखट करपलं की नाही, हे रंगावरच ठरतं. ९० चा मिळाला तर जास्तीचे पैसे मोजावेत असं माझं मत आहे. आम्हाला त्या आठवड्यात यवतमाळला मिळाला.

पिवळा की पांढरा

खरा वाद इथे झाला. मी हॉल आणि खोल्यांना ६५०० नको म्हटलं, तर काकांचा चेहराच उतरला. “एवढा पैसा लावून पिवळाच लाइट काऊन लावाचा? लोक म्हणतीन व्होल्टेज नाई.”

त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण त्यामागे खरी गोष्ट आहे. त्याच संध्याकाळी साडेसातला मी मल्टिमीटर लावला होता: १७८ व्होल्ट. असायला हवेत २३०. घर लाइनच्या टोकाला, हरभऱ्याचं पाणी सुरू झालेलं, वर सगळ्या गावाचे दिवे लागलेले. तारेच्या जुन्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो. २३० चे १८० झाले की उजेड निम्म्याच्याही खाली जातो आणि रंग तांबडा होतो. तांब्याच्या चोकवाली ट्यूब तर पेटतच नाही, स्टार्टर नुसता टिकटिकतो. आमच्या भागातल्या पन्नाशीच्या माणसाने अशा तांबड्या उजेडात अर्धं आयुष्य काढलं आहे. त्याच्यासाठी पिवळा म्हणजे गरिबी आणि पांढरा म्हणजे लाइन फुल. २०१५ मध्ये उजाला योजनेतून एलईडी बल्ब घरोघरी आले ते पांढरेच, आणि त्या वर्षीपासून पांढऱ्या उजेडाचा मान आणखी वाढला. शहरातला सजावटवाला त्यांना वॉर्म लाइटचं सौंदर्य सांगत बसला असता तर काकांनी मान डोलवून पांढरेच आणले असते.

मी तीन बल्ब नेले, तिन्ही ९ वॅटचे, एकाच कंपनीचे: ३०००, ४००० आणि ६५००. नव्या हॉलमध्ये वायरला होल्डर बांधून लटकवले. अंधार पडल्यावर घरातल्या सगळ्यांना चटईवर बसवलं आणि प्रत्येक बल्ब दहा-दहा मिनिटं लावला. आजीचं लाल काठाचं लुगडं, काकूंच्या हातातलं ज्वारीचं ताट, मुलीची वही. ६५०० मध्ये वही सुरेख दिसली आणि आजीचा चेहरा राखेसारखा. मुलगीच म्हणाली, “आजी आजारी दिसून राह्यली.” ३००० मध्ये लुगडं खुललं, पण काका गप्प. ४००० लावला तेव्हा काका स्वतःहून म्हणाले, “हा पांढराच हाये न?” तो त्यांच्या हिशोबाने पांढराच आहे. हॉल, सैपाकघर आणि मुलीची खोली ४००० वर ठरली. आबाजींचा कोपरा, झोपायची खोली आणि बाहेरचं सगळं ३००० वर. तीन बल्ब आणि अर्धा तास एवढाच खर्च आला. आता मी प्रत्येक घरात हेच करतो.

राहत्या खोलीत ६५०० चा उजेड मला आवडत नाही, हे मी सरळ सांगतो. पण याच घरात एका खोलीला तोच हवा होता, आणि ते मला उशिरा कळलं.

मालाची खोली

नोव्हेंबरपासून पुढे, भाव येईपर्यंत, आमच्याकडे घराघरात कापूस भरलेला असतो. या घरात त्यासाठी वेगळी खोली, पण मुलाच्या यादीत तिलाही छताच्या मध्ये १५ वॅटचा पॅनेल. कापसाची गंजी छातीपर्यंत असते तोवर ठीक. चांगल्या वर्षी ती छताला हात-दीड हात कमी एवढी चढते, मग दिवा कापसात गाडला जातो. जुन्या घरात तारेचा ६० वॅटचा बल्ब होता. त्याची काच हाताला धरवत नाही इतकी तापते, आणि कापसाच्या गोदामात आग कशी पसरते ते जिनिंगच्या गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. एलईडीची काच तेवढी तापत नाही, पण त्याच्या मागचा भाग तापतो, वायरचा सांधा सैल असेल तर ठिणगीही पडते.

त्या खोलीत छतात काहीच घेतलं नाही, स्लॅबमधला बॉक्स झाकण लावून बंद केला. दाराच्या वर, आतल्या बाजूने, बंद काचेचा बल्कहेड दिवा घेतला, धूळ-पाणी आत न जाणारा, आयपी ६५ चा. दारापाशी गंजी रचली जात नाही, कारण माणसाला आत-बाहेर करायचं असतं. बटण खोलीबाहेर. आत एकही सॉकेट नाही, वायर सगळी पाइपातून, आणि या खोलीला वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. घराच्या डीबीत, म्हणजे मुख्य स्विचपेटीत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला; वीज कुठे गळली की तो लाइन तोडतो.

इथे माझी चूक झाली. माझ्याकडे ३००० चा बल्कहेड शिल्लक होता, मी तोच लावला. जानेवारीत काकूंचा फोन आला. व्यापारी सकाळी येणार, रात्री सगळे कवडी, म्हणजे खराब पिवळट कापूस, निवडायला बसले, आणि पिवळ्या उजेडात कवडी आणि चांगला कापूस एकसारखा दिसत होता. पिवळट बोंड ओळखायचं तर उजेड पांढराच लागतो. त्या रात्री त्यांनी मोबाइलच्या टॉर्चवर काम उरकलं. दुसऱ्या दिवशी जाऊन ६५०० चा लावून दिला. संध्याकाळ बसून बघितली होती खरी, पण ती डिसेंबरातली एकच संध्याकाळ होती, निवडायच्या दिवसातली नव्हती.

हॉल

पीओपीला मी विरोध केला. जमीन काळी, कसदार. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. नव्या घरात पहिल्या दोन-तीन वर्षांत भिंतींना बारीक तडे येतातच, पीओपीत ते सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक दिसतात. दुसरं, पीओपीच्या आतल्या पोकळीत दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज देणारं सर्किट, कोंडला जातो. वर स्लॅब, बाहेर मे महिन्यातले ४५-४६ अंश. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. ३०-४० हजार तासांचं आयुष्य खोक्यावर लिहिलेलं असतं, ते अशा जागेसाठी नसतं.

तिसरं कारण आबाजी. त्यांची खाट हॉलमध्येच राहणार होती, खिडकीपाशी. बारातले चार दिवे नेमके खाटेवर येत होते. पाठीवर झोपलेल्या माणसाला छतातला दिवा म्हणजे डोळ्यात रोखलेली बॅटरी. आणि चौथं, पंखा. पात्यांच्या वर दिवा असेल तर पाती फिरताना उजेड कापतात आणि खोलीभर फडफड होते. ४८ इंची पंख्याचा घेर मधोमध दोन फूट त्रिज्येचा. बारातले निम्मे दिवे त्याच्या जवळच पडत होते.

मुलाशी फोनवर सव्वा तास बोललो. त्याचं म्हणणं रास्त होतं: हॉल चांगला दिसला पाहिजे, उद्या घरी पाहुणे येणार. मी त्याला विचारलं, कडेने मऊ उजेड हवा ना? मग गवंड्याकडून दोन लांब भिंतींना सात फुटांवर पाच इंचांची कानस काढून घेऊ. कानसेवर बॅटन आडव्या ठेवायच्या, तोंड वर. पांढऱ्या चुन्याने रंगवलेला स्लॅब उजेड खाली परततो, दिवा कुठूनच दिसत नाही. कानस पात्यांच्या खाली, म्हणून पंखा उजेड कापत नाही. चार फुटी चार बॅटन, दोन-दोनचं वेगळं बटण. एका बाजूच्या लावल्या की आबाजींना पुरे, पाहुणे आले की चारही. मुलाने त्याच रात्री हो म्हटलं. ओट्यावरची बॅटन आणि आजीचा ब्रॅकेट त्याला इतका पटला की त्याने स्वतःच आईला फोन लावून समजावलं.

कानसेचा तोटाही सांगतो. वरती धूळ बसते, कापसाचे तंतू बसतात, पावसाळ्यात पाखरं मरून पडतात. महिन्यातून एकदा कपडा मारला नाही तर उजेड उतरतो. काकूंनी ते काम मुलीकडे दिलं आहे.

भिंतीत, हॉलच्या मधल्या कमानीपाशी, खाली दोन सॉकेट आणि वर एक रिकामा होल्डर जास्तीचा घेतला. तिथे दरवर्षी महालक्ष्म्या बसतात. आधी तीन दिवस खोलीभर उघड्या वायरी लोळायच्या.

बाहेर

ओसरीतले फॅन्सी दिवे काढून टाकले. पाखरं निळसर आणि अतिनील उजेडाकडे जास्त ओढली जातात. ३००० चा पिवळसर दिवा लावला तर ती थांबत नाहीत, पण बरीच कमी होतात. दिवा डोक्यावर न घेता ओसरीच्या टोकाच्या खांबावर घेतला, काका बसतात त्या जागेपासून आठ फूट लांब. पाखरं तिकडे, वही इकडे.

मागचं सांदवाडीतलं पंधरा पावलांचं अंतर मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. रात्री आजी एकटी जाते. पाखरांमागे बेडूक येतात, बेडकांमागे साप. मण्यार तर रात्रीच निघतो. छपरावर मोठा हॅलोजन मारायची सगळ्यांना हौस असते, पण वरून सरळ पडणाऱ्या उजेडात जमिनीवरची वस्तू चपटी दिसते. तोच उजेड बाजूने, खालून आला तर दोरीएवढ्या वस्तूचीही लांब सावली पडते आणि डोळा लगेच तिथे जातो. भिंतीवर जमिनीपासून दोन फुटांवर, वर टोपी असलेले दोन छोटे बल्कहेड लावले, ५-५ वॅटचे. बटण टू-वे: एक आजीच्या उशाशी, दुसरं न्हाणीच्या दारात.

न्हाणीत साधा बंद काचेचा दिवा, आरशाच्या दोन्ही बाजूंना नाही जमला तर निदान समोर. काकांची दाढी आता सांदवाडीत खुर्ची टाकून होत नाही.

झोपायच्या खोलीत झिरोचा बल्ब एलईडीचा, अर्ध्या वॅटचा. जुना तारेचा झिरो प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट खायचा, नावाला झिरो. मुलीला टेबल आणि लॅम्प, लॅम्प उजव्या हाताला. एवढंच.

बिघडल्यावर काय

माझ्या निवडीत एक अट सगळ्यात आधी होती: दिवा गेला तर तो गावातल्या किराणा दुकानात किंवा फार तर दिग्रसच्या बाजारात मिळाला पाहिजे, आणि काकांना स्वतः बदलता आला पाहिजे. पिन होल्डरचा बल्ब गावात मिळतो. दोन आणि चार फुटी बॅटन दिग्रसला कुठेही मिळते. पॅनेलचं तसं नाही. तो गेला की त्याच मापाचा, त्याच कापाचा शोधावा लागतो; मॉडेल बंद झालेलं असतं, मग छताचं भोक मोठं करा नाहीतर वर ताटली ठोका. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कडाडली की दिवे जातात, कधी न्यूट्रल तुटला तर एका फेजच्या घरात ४०० च्या जवळपास व्होल्ट शिरतात. दिवे जाणारच हे धरून निवड करावी लागते.

तरी खोक्यावर तीन गोष्टी बघून घेतल्या: व्होल्टेजची रेंज १०० किंवा १२० पासून पुढे, सर्ज, म्हणजे विजेचा अचानक झटका सोसायची ताकद, ४ केव्ही (किलोव्होल्ट), आणि एलईडी बल्बच्या भारतीय मानकाचा, आयएस १६१०२ चा शिक्का. स्वस्त मालात ड्रायव्हरच्या जागी एक कपॅसिटर आणि दोन-चार भाग पट्टीवरच डकवलेले असतात. व्होल्टेज हललं की त्यांचा उजेड हलतो.

सगळे दिवे मिळून ९ हजारांच्या आत बसले. पीओपीचे वाचलेले पैसे मुलाने इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या बॅटरीत घातले. त्यावर सैपाकघर, आबाजींची बाजू, मागची वाट, मुलीचा लॅम्प आणि कमी वॅटचे दोन पंखे दिले. लाइन गेली तरी रात्र निघते.

दीड वर्षानंतर

जूनच्या पहिल्या वादळात हॉलमधल्या दोन बॅटन गेल्या. काकांनी दिग्रसवरून आणून स्वतः लावल्या, मला दुसऱ्या दिवशी कळलं. मागच्या वाटेवर मुलाने हौसेने सेन्सरचा दिवा आणून लावला होता, तो गल्लीतल्या कुत्र्यांमुळे रात्रभर लागत-विझत राहिला. आजीने कंटाळून काढायला लावला. आबाजी आता पाठीवर झोपतात. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिला दाराजवळचा १२ वॅटचा बल्ब एकदम तीव्र वाटायला लागला, तिथे आता ७ चा आहे.

काकूंनी एक बदल मला न विचारता केला. सैपाकघरातल्या मधल्या होल्डरमधला बल्ब काढून त्यांनी तो देवळीपाशी नेला. म्हणाल्या, ओट्यावरच्या दोन पट्ट्यांनी काम भागते, मधल्याची गरजच पडत नाही. मी तो होल्डर झाकायला गेलो, तर त्यांनी राहू द्यायला सांगितलं. मुलाच्या लग्नात मांडवाची वायर तिथून घ्यायची आहे.